हाड जुळते; पण सायकलपटू पुन्हा शर्यतीत उतरतो का?

अपघातात मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, रॉड बसला आणि रुग्ण घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "आता पहिल्यासारखे चालता येईल ना?" घरच्यांच्या मनात मात्र दुसरा प्रश्न असतो, "कामाला कधी जाता येईल?" हे दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. हाड जुळणे ही एक गोष्ट, पाय कामाला येणे ही दुसरी आणि पूर्वीइतकी ताकद परत येणे ही तिसरी.

हा फरक समजून घेण्यासाठी आपण जगातल्या नामांकित सायकलपटूंकडे पाहू. त्यांचे सगळे कामच पायांचे. त्यांची ताकद यंत्रावर मोजली जाते आणि वेळ सेकंदात. त्यामुळे अपघातानंतर ते पूर्वीच्या जागी पोचले की नाही, हे स्पष्ट दिसते.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्समधल्या 'टूर द फ्रान्स' या शर्यतीत असे आणि याहून उंच कितीतरी घाट तीन आठवड्यांत चढायचे असतात. एकूण अंतर ३,००० किलोमीटरहून जास्त. घाट उतरताना सायकलचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर जातो. अंगात पातळ कपडे, डोक्यावर हेल्मेट, एवढेच संरक्षण. त्यामुळे पडणे या खेळाडूंना नवे नसते. पण काही वेळा पडणे जिवावर बेतते.

परत आलेले आणि त्यांना लागलेला वेळ

बेल्जियमचा रेम्को एव्हेनपूल १५ ऑगस्ट २०२० रोजी इटलीतल्या एका शर्यतीत घाट उतरताना पुलाच्या कठड्याला धडकला आणि खाली दरीत पडला. त्याच्या कमरेच्या घेरातले हाड मोडले आणि फुफ्फुसाला मार लागला. तेव्हा तो अवघ्या २० वर्षांचा होता. काही महिन्यांनी त्याने सराव सुरू केला. पण हाड पुरते भरलेले नाही असे दिसल्यावर त्याला पुन्हा थांबावे लागले. तो शर्यतीत उतरला तो मे २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांनी. ती शर्यत त्याला पूर्ण करता आली नाही. पण २०२२ मध्ये तो विश्वविजेता झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके जिंकली.

कोलंबियाचा एगन बर्नाल याने २०१९ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी टूर द फ्रान्स जिंकली होती. २४ जानेवारी २०२२ रोजी सराव करताना तो भर वेगात उभ्या असलेल्या बसवर मागून आदळला. पाठीचे मणके, उजव्या मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या, सगळीकडे मोड. फुफ्फुसालाही छेद गेला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो डेन्मार्कमधल्या शर्यतीत उतरला तेव्हा वर्तमानपत्रांनी 'पुनरागमन' असे मथळे दिले. पण ते पुनरागमन अर्धेच होते. २०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये तो ३६ वा आला. युरोपातल्या मोठ्या शर्यतीचा एक टप्पा त्याने पुन्हा जिंकला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, स्पेनमध्ये. अपघातापासून मोजले तर साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला होता.

आता तिसरा माणूस पाहा. ब्रिटनचा क्रिस फ्रूम चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला. १२ जून २०१९ रोजी शर्यतीचा रस्ता पाहून घेताना तो भिंतीला धडकला. मांडीचे हाड, कोपर, बरगड्या मोडल्या. तो आठ महिन्यांत शर्यतीत परतला. हाडे जुळली होती, तो सायकल चालवत होता, पगारही घेत होता. पण त्यानंतर त्याला एकही मोठी शर्यत जिंकता आली नाही. अपघाताच्या वेळी तो ३४ वर्षांचा होता.

तिघांनाही उत्तम डॉक्टर मिळाले. तिघेही जिद्दीचे. तरी निकाल तीन तऱ्हेचे. वय, इजेची जागा, किती हाडे मोडली, स्नायू किती गेला, या सगळ्यांचा हिशेब त्यात आहे. म्हणून "जिद्द असेल तर माणूस उठतोच" हे वाक्य रुग्णाला ऐकवताना जपून वापरावे. जो उठू शकला नाही, त्याच्यात जिद्द कमी होती असा त्याचा उलटा अर्थ निघतो, आणि तो खोटा आहे.

मणका मोडणे आणि मज्जारज्जू तुटणे

पाठीच्या इजेबाबत आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. "पाठीचा कणा मोडला" म्हटले की माणूस कायमचा खाटेवर, असे लोक धरून चालतात. तसे नेहमी नसते.

नेदरलँड्सची अ‍ॅनेमिक व्हान फ्लूटेन २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये आघाडीवर असताना घाटात कोसळली. कमरेच्या मणक्यांना तीन ठिकाणी तडे गेले, डोक्यालाही जबर मार बसला. टीव्हीवर पाहणाऱ्यांना वाटले की ती गेली. पुढच्याच वर्षी ती वेळेविरुद्धच्या शर्यतीत विश्वविजेती झाली आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने त्याच प्रकारात सुवर्णपदक घेतले.

जर्मनीची क्रिस्टिना फोगल दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांची मानकरी. जून २०१८ मध्ये सरावात ती दुसऱ्या सायकलस्वारावर आदळली. तिचा मज्जारज्जू छातीच्या पातळीवर तुटला. त्यानंतर ती चाकाच्या खुर्चीत आहे.

दोघीही भर वेगात पडल्या, दोघींच्याही पाठीला मार लागला. फरक कुठे पडला? मणका हे हाड आहे. हाडाच्या आत रक्त फिरते, नव्या पेशी तयार होतात, म्हणून ते भरून येते. मणक्यांच्या आतल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारी ती तार. ती एकदा तुटली की हाडासारखी पुन्हा जुळत नाही. आजच्या वैद्यकशास्त्राला अजून ते साधलेले नाही.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. अपघातात मणका मोडलेला असतो, पण मज्जारज्जू शाबूत असतो, असे अनेकदा घडते. अशा जखमीला दोघांनी हातापायांना धरून उचलले, दुमडून रिक्षात कोंबले, तर मोडलेला मणका सरकतो आणि आतली तार दाबली जाते. म्हणजे अपघाताने न झालेली इजा उचलणाऱ्यांच्या घाईने होऊ शकते.

हाड कसे जुळते?

हाड मोडल्यावर तिथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ जोड तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जाते आणि तो कडक होतो. मांडीचे हाड भरायला मोठ्या माणसाला साधारण तीन ते सहा महिने लागतात. पुढे वर्षभर आणि त्याहून जास्त काळ शरीर तो जोड घासूनपुसून मूळ आकारात आणत असते.

रॉड किंवा प्लेट हाड जोडत नाही. ती फक्त मोडलेले तुकडे जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीरच करते. त्यामुळे "रॉड टाकलाय, आता काय भीती" म्हणून वेळेआधी पोते उचलले तर रॉड वाकू शकतो, तुटूही शकतो.

दुसरी गोष्ट स्नायूंची. पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू झपाट्याने बारीक होतो. काही आठवडे खाटेवर पडून राहिलेल्या माणसाच्या दोन मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. गुडघा न हलवल्यास आखडतो. हाड आपोआप भरते, पण गेलेला स्नायू आपोआप येत नाही. तो रोज व्यायाम करून परत मिळवावा लागतो. अपघातानंतरचे पुष्कळसे लंगडणे हाडामुळे नसते, ते या राहून गेलेल्या व्यायामामुळे असते.

सायकलपटूला इथे एक फायदा मिळतो. एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर पायडल मारताना शरीराचा भार पायावर पडत नाही, पण गुडघा आणि खुबा फिरत राहतात. म्हणून डॉक्टर परवानगी देतात तेव्हा ते चालण्याआधीच पायडल मारू लागतात. फिजिओथेरपी विभागात व्यायामाची सायकल ठेवलेली असते ती याचसाठी.

खेळाडूला मिळते ते आपल्याला मिळते का?

आता स्पष्ट बोलू. मोठ्या संघाच्या खेळाडूला अपघातानंतर मिनिटांत डॉक्टर मिळतो. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट जवळ असतो. आहार ठरवणारा माणूस असतो. आणि सहसा त्याचे वेतन चालू राहते, म्हणून तो हाड भरेपर्यंत थांबू शकतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचा किंवा शेजारच्या गावचा मजूर सायकलवरून, मोटारसायकलवरून पडतो तेव्हा त्याची मजुरी त्याच दिवशी बंद होते. दीड महिना झाला की उधारी वाढते आणि तो कुबडी बाजूला ठेवून कामावर जातो. बाईचे तर त्याहून कठीण. पायाला प्लास्टर असतानाच ती चुलीपुढे उभी असते, कारण घरचे काम कुणी 'काम' म्हणून मोजत नाही. मग पाय वाकडा जुळला की लोक म्हणतात, नशीब. गेल्या जन्मीचे काही असेल.

यात नशीब नाही आणि गेला जन्मही नाही. प्रत्येक परिणामाला कारण असते. उपचार उशिरा मिळाले, व्यायाम झाला नाही, पोटाला पुरेसे मिळाले नाही, विश्रांती मिळाली नाही, ही ती कारणे. यातली काही आपल्या हातातली आहेत, काही हक्काने मागून घेण्यासारखी आहेत.

पहिल्या तासात काय करावे

१. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका मोफत असते. ठिकाण नीट सांगावे: कोणत्या गावाजवळ, कोणत्या फाट्यावर.

२. मान किंवा पाठ दुखते, हातपाय बधिर वाटतात किंवा हलत नाहीत असे जखमी सांगत असेल, किंवा तो बेशुद्ध असेल, तर त्याला बसवू नये, उभे करू नये. रस्त्यावर जिवाला धोका असेल तरच हलवावे. हलवावेच लागले तर तीन-चार जणांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरावे. हळद, चुना, माती, पेट्रोल काहीही लावू नये.

४. मोडलेला पाय ओढून सरळ करू नये. आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंना काठी किंवा पुठ्ठा लावून सैलसर बांधावा. मांडीचे हाड मोडले की आतल्या आत खूप रक्त जाते, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून "रक्त नाही, फार लागले नाही" असे समजू नये.

५. पाणी, चहा पाजू नये. ऑपरेशन करावे लागले तर पोट रिकामे असावे लागते.

६. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, झटके यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे. सुरुवातीला बरा दिसणारा माणूसही काही तासांनी बिघडू शकतो.

मदत करायला लोक घाबरतात, पोलीस मागे लागतील म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

उपचार आणि खर्च

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत विनाशुल्क मिळतात आणि त्यात हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला आधी भेटावे. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारनेही मे २०२५ मध्ये योजना लागू केली आहे. तिच्यात ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळतात. आपल्या भागात हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आणि मोठ्या इजेसाठी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दागिने गहाण टाकण्याआधी तिथे विचारावे.

हाड बसवणाऱ्याकडे जाण्याआधी एक्स-रे काढावा. घट्ट पट्टी बांधली आणि बोटे निळी-पांढरी, थंड, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर पट्टी ताबडतोब सैल करून रुग्णालय गाठावे. काही तासांच्या उशिराने हातपाय गमावण्याची वेळ येऊ शकते. प्लास्टर घातल्यावरही हीच लक्षणे पाहावीत. ताज्या मोडावर तेल लावून चोळू नये.

घरी आल्यावरचे महिने

*व्यायाम:* सुट्टी मिळताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. पायावर किती भार टाकायचा? कोणता व्यायाम दिवसातून किती वेळा? पुढचा एक्स-रे कधी? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. पायाची बोटे आणि घोटा हलवणे, मांडी आवळून सोडणे, पाय सरळ उचलणे हे व्यायाम खाटेवरच होतात, त्याला यंत्र लागत नाही. कधी सुरू करायचे ते मात्र डॉक्टरांनी सांगावे. भरलेली बाटली मोजल्याशिवाय उचलू नये, आणि "दुखते" म्हणून व्यायाम सोडूही नये. थोडे दुखणे चालते. सूज, लाली, ताप किंवा वाढत जाणारी वेदना चालत नाही. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर लगेच रुग्णालयात जावे, रक्ताची गाठ झालेली असू शकते.

*आहार:* हाडाला आणि स्नायूला प्रथिने लागतात. महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभरा, मटकी, शेंगदाणे, तीळ, दूध-दही, अंडी, परवडेल तेव्हा मासे किंवा मटण. रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसावे.

*तंबाखू:* विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा यांमुळे हाडाकडे जाणारे रक्त कमी होते आणि जोड उशिरा धरतो, कधी धरतच नाही. हाड भरेपर्यंत तरी तोंडात तंबाखू नको. तेवढे महिने जमले की कायमचेही जमते.

*घरातली सोय:* काही महिने उकिडवे बसता येत नाही. संडाससाठी मधे भोक पाडलेली खुर्ची करून घ्यावी. ओल्या फरशीवर घसरणे हे दुसऱ्या मोडाचे मोठे कारण आहे. वॉकर, कुबड्या, खुर्ची या वस्तू काही महिनेच लागतात आणि मग घराच्या माळ्यावर धूळ खातात. वस्तीतल्या विहारात अशा वस्तू जमा करून ठेवल्या तर गरजूला त्या विकत घ्याव्या लागणार नाहीत. शेजारच्या दोन घरांनी डबा आणि पाणी वाटून घेतले, तर जखमी बाईलाही विश्रांती मिळेल.

पूर्वीच्या जागी परतता आले नाही तर?

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाठीलाही लागली. मुष्टियुद्धाच्या रिंगणात ते परत जाऊ शकले नाहीत. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. भारतासाठी पॅरालिम्पिकमधले ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्रिस्टिना फोगलही सायकलवर परतली नाही. अपघाताच्या दुसऱ्याच वर्षी ती आपल्या शहराच्या पालिकेत निवडून आली.

प्रत्येकाला पदक मिळणार नाही आणि तशी अपेक्षा रुग्णावर लादूही नये. पण ओझी उचलता आली नाहीत तरी बसून करण्याजोगे काम असते, शिकण्याजोगे कौशल्य असते. कायमचे अपंगत्व राहिले तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र घ्यावे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाची नोंद झाली की शासकीय सवलती आणि योजनांचा हक्क मिळतो. ती कुणाची मेहेरबानी नसते, म्हणून ते प्रमाणपत्र घ्यायला लाजण्याचे कारण नाही.

तेव्हा मोठा सायकलपटू गंभीर अपघातानंतर परत येतो का, याचे उत्तर असे: मज्जारज्जू आणि मेंदू शाबूत असतील तर बहुतेकदा सायकलवर येतो. पूर्वीच्या जागी काही जणच पोचतात आणि त्यांनाही वर्षे लागतात. आपल्या घरच्या जखमी माणसाला आपण सहा आठवड्यांत उठवून कामाला लावू नये. जगातल्या सर्वांत तगड्या पायांना लागतो तेवढा वेळ त्याच्याही पायाला लागणारच.